अकरांच्या पलीकडचं मैदान

भर दुपारचा सामना. फलंदाज स्टान्स सोडून पंचांकडे येतो आणि म्हणतो, "खेळपट्टीवर सावली पडलीय, चेंडू नीट दिसत नाही." सावली पॅव्हेलियनची असेल तर पंचांनी काय करायचं? झाडाची असेल तर? आणि क्षेत्ररक्षकाची असेल तर?

हा प्रश्न २०२२ मध्ये अहमदाबादला झालेल्या पंचपरीक्षेत विचारला गेला होता. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिला आणि कनिष्ठ गटाच्या सामन्यांसाठी पंच निवडायला ही परीक्षा घेतली. बसले १४०, उत्तीर्ण झाले तीन. सावलीचं उत्तर असं: पॅव्हेलियन किंवा झाडाच्या सावलीची दखल घ्यायची नाही. क्षेत्ररक्षकाला मात्र जागेवर स्थिर उभं राहायला सांगायचं आणि तो हललाच तर चेंडू 'डेड' ठरवायचा. दुसरा एक प्रश्न गोलंदाजाच्या बोटाचा होता. तर्जनीला खरीखुरी जखम आहे, पट्टी काढली तर रक्त येईल, मग पट्टीसकट गोलंदाजी करू द्यायची का? नाही. गोलंदाजी करायची असेल तर पट्टी काढावीच लागेल. नियमपुस्तक तोंडपाठ असून भागत नाही, ते मैदानावरच्या प्रसंगाला क्षणात लावता यावं लागतं. १३७ जण घरी परतले ते इथेच अडून.

गल्लीत पंच कोण होतो? ज्याची बॅटिंग अजून यायचीय तो. ही समजूत आपल्याकडे मोठेपणीही सुटत नाही. मुलगा रणजीपर्यंत पोचला नाही, मुलगी राज्य संघाच्या निवडीत गळली, की घरात ठरलेलं वाक्य येतं: आता खेळ पुरे, अभ्यासाला लाग. जणू मैदानात एकच दरवाजा आहे आणि तो बंद झाला. प्रत्यक्षात एका मोठ्या सामन्यामागे पंच, गुणलेखक, माळी, क्युरेटर, फिजिओ, ट्रेनर, विश्लेषक, आहारतज्ज्ञ, उत्तेजक-चाचणी अधिकारी, समालोचक, आयोजक आणि हल्ली वकीलही उभे असतात. या प्रत्येक कामाला स्वतःची परीक्षा आहे, उमेदवारी आहे आणि बऱ्याचदा खेळाडूच्या कारकिर्दीपेक्षा कितीतरी लांब आयुष्य आहे. हरलेल्यांची सोय म्हणून त्यांच्याकडे पाहणं थांबवायला हवं.

नवी मुंबईच्या वृंदा राठी यांचा प्रवास पाहावा. त्या मुंबई विद्यापीठाकडून मध्यमगती गोलंदाजी करत. भारतीय संघात जाणं झालं नाही. त्या गुणलेखनाकडे वळल्या आणि २०१३चा महिला विश्वचषक भारतात झाला तेव्हा त्या गुणलेखकांच्या टेबलावर होत्या. तिथे न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांची भेट झाली आणि बाई मैदानाच्या मधोमध पांढरा कोट घालून उभी राहू शकते हे त्यांनी समोर पाहिलं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या विकास गटातल्या पंचांत त्यांचं नाव आलं. जानेवारी २०२३ मध्ये एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन यांच्यासह त्या रणजी करंडकात पंच म्हणून उतरल्या. पुरुषांच्या या स्पर्धेत महिला पंच येण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इंग्लंडच्या महिला संघांची कसोटी झाली, तेव्हा महिला कसोटीत उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला पंच ठरल्या.

त्या आधी गुणलेखक होत्या, ही गोष्ट महत्त्वाची आहे. गुणलेखकाचं काम बाहेरून आकडेमोडीचं वाटतं. पण पंचाने चौकाराची, बायची, नो-बॉलची खूण केली की गुणलेखकाने हात वर करून किंवा दिवा लावून ती पोचल्याचं कळवायचं असतं. तोवर पंचाने खेळ पुढे जाऊ द्यायचा नाही. दोन गुणलेखक एकमेकांशी सतत पडताळत राहतात: फलंदाजाच्या धावा, गोलंदाजाने दिलेल्या धावा, अवांतर, एकूण. एक धाव जरी कुठे निसटली तरी ती त्याच षटकात सापडायला हवी. असे सामने लिहून काढलेल्या माणसाची नजर पंचाचीच झालेली असते. या मुंबईत आनंदजी डोसा आणि सुधीर वैद्य यांच्यासारख्यांनी वह्यांमध्ये आकडे मांडून मांडून भारतीय क्रिकेटची स्मृती जपली. आज तेच काम लॅपटॉपवर होतं, आणि त्याच टेबलाच्या शेजारी व्हिडिओ विश्लेषक बसतो. भारतीय संघासोबत सी. के. एम. धनंजय यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. कोणता फलंदाज डावखुऱ्या फिरकीसमोर कुठे अडखळतो हे चित्रफितीतून शोधून कर्णधाराच्या हाती द्यायचं, आणि तेही त्याला पचेल इतकंच. संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकलेल्या, पण खेळ मनापासून कळणाऱ्या मुलांसाठी ही जागा आहे. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच आवश्यक असतो.

मग येतात जमिनीची माणसं.

२०२२ची आयपीएल आठवावी. करोनाच्या सावटामुळे साखळीचे सगळे ७० सामने महाराष्ट्रातल्या चारच मैदानांवर झाले. वानखेडे आणि डी. वाय. पाटीलवर प्रत्येकी २०, ब्रेबॉर्नवर आणि पुण्याच्या गहुंजे मैदानावर प्रत्येकी १५. एरवी एका मैदानाला सात-आठ सामने मिळतात आणि मधे पिचला उसंत असते. इथे एप्रिल-मेच्या उन्हात, दोन महिन्यांत वीस सामने. एक पट्टी वापरली की ती बाजूला ठेवायची, शेजारची तयार करायची, रात्री सामना संपल्यावर गोलंदाजांच्या पावलांनी पडलेले खड्डे भरायचे, पाणी द्यायचं, सकाळी रोलर. किती पाणी आणि किती वेळ रोलर, याचा हिशेब दर दिवशी नवा. लाल मातीची पट्टी चेंडूला उसळी देते, काळ्या मातीची चेंडू थोडा थांबवते. दोन्हींचं पाणी पिणं आणि सुकणं वेगळं. माळी पिचवर वाकून अंगठा दाबून पाहतो, किल्लीचं टोक रुतवून ओल किती खोल आहे ते बघतो आणि मग ठरवतो. स्पर्धा संपल्यावर मंडळाने या चार मैदानांच्या क्युरेटर आणि माळ्यांसाठी प्रत्येकी २५ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, आयपीएलच्या दहा नेहमीच्या मैदानांनाही प्रत्येकी २५ लाख जाहीर झाले. मुंबईच्या मैदानांवर पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या या माणसांच्या कामाची इतक्या मोठ्याने दखल घेतली गेली, याचा आनंद वाटतो. मात्र बक्षीस म्हणजे पगार नव्हे, हे विसरून चालणार नाही. छोट्या मैदानावरचा माळी आजही तुटपुंज्या पैशांवर काम करतो.

वानखेडेच्या पिचशी एक खेळाडूही जोडलेला होता. सुधीर नाईक. १९७०-७१ मध्ये, अजित वाडेकर आणि सुनील गावसकर यांच्यासारखे दिग्गज वेस्ट इंडिजमध्ये असताना, दुसऱ्या फळीच्या मुंबईला रणजी जिंकून देणारा कर्णधार. पुढे तेच वानखेडेचे क्युरेटर झाले. २ एप्रिल २०११ रोजी श्रीलंकेच्या २७४ धावांचा पाठलाग करून भारताने विश्वचषक जिंकला, तो त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या पट्टीवर. कसोटी ते तीनच खेळले. पण मैदानाशी त्यांचं नातं २०२३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत टिकलं.

प्रशिक्षकाचं काम सगळ्यांना माहीत असतं, पण चांगला प्रशिक्षक मोठा खेळाडू असावा लागतो हा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. रमाकांत आचरेकर सर आयुष्यात एकच प्रथमश्रेणी सामना खेळले, स्टेट बँकेकडून, मोईनुद्दौला स्पर्धेत. शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली कोण कोण घडलं हे मराठी वाचकाला सांगायला नको. चंद्रकांत पंडित पाच कसोटी खेळले. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तीन संघांना मिळून सहा वेळा रणजी जिंकून दिली. त्यातल्या दोन विदर्भाच्या, लागोपाठच्या, २०१७-१८ आणि २०१८-१९. नागपूरच्या क्रिकेटला तोवर रणजी म्हणजे दुसऱ्यांनी जिंकायची गोष्ट वाटत होती. आणि मध्य प्रदेशची गोष्ट तर विलक्षण आहे: १९९८-९९च्या अंतिम सामन्यात पंडित त्या संघाचे कर्णधार होते आणि बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटककडून हरले. २०२२ मध्ये त्याच मैदानावर, त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून, त्यांनी मुंबईला हरवलं.

क्रिकेटबाहेर पाहिलं तर चित्र आणखी बोलकं आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हा सारा महाराष्ट्र उभा राहिला. त्याच्या मागे प्रशिक्षक दीपाली देशपांडे होत्या. त्या स्वतः २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये नेम धरून आल्या होत्या. पदक मिळालं नव्हतं. पुढची वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचा नेम घडवण्यात घालवली आणि २०२४चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना जाहीर झाला. अथेन्सच्या त्याच भारतीय चमूतल्या सुमा शिरूर यांनी पॅरालिंपिक सुवर्णविजेत्या अवनी लेखराला घडवलं. दीपालीताईंसोबत त्याच वर्षी गोव्याचे आर्मांदो कुलासो यांनाही जीवनगौरवाचा द्रोणाचार्य मिळाला. धेंपो क्लबला त्यांनी पाच वेळा फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने सुवर्ण जिंकलं, तेव्हा पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे संघाचे न खेळणारे कर्णधार होते. आज कोणाला विश्रांती द्यायची, कोणाला कोणत्या पटावर बसवायचं, हे निर्णय त्यांचे. मोहरे मात्र हलवायचे नाहीत. बसून पाहायचं.

प्रशिक्षक होण्याच्या वाटेवरचं सर्वांत ओळखीचं ठिकाण म्हणजे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ची. "एनआयएस केलेला कोच" ही आपल्याकडे एक पदवीच होऊन बसली आहे. महाराष्ट्रात शारीरिक शिक्षणाची परंपरा तिच्याहूनही जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. त्याच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ १९२४चं. इथून शिकून बाहेर पडलेले हजारो जण राज्यभरच्या शाळांत 'पीटीचे सर' झाले. एखादी मुलगी धावते कशी हे पहिल्यांदा याच सरांना दिसतं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचं पदही आहे, त्याची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. पण कित्येक शाळांमध्ये आज कायम क्रीडाशिक्षकच नाही. गणिताच्या बाईंकडे खेळाचा तास दिलेला असतो. एकीकडे ऑलिंपिक पदकांची स्वप्नं पाहायची आणि दुसरीकडे पहिली नजर टाकणाऱ्या माणसाचीच जागा रिकामी ठेवायची, हे चुकीचं आहे आणि ते मोठ्याने म्हटलं पाहिजे.

मनाचं प्रशिक्षण हा विषय भारतात फारसा कोणी उच्चारत नव्हता, तेव्हा नाशिकचे भीष्मराज बाम तो शिकवत होते. बाम सर भारतीय पोलीस सेवेतले निवृत्त अधिकारी, नेमबाजीतले जाणकार. पातंजल योगाची एकाग्रतेची साधना आणि आधुनिक क्रीडा मानसशास्त्र यांची सांगड त्यांनी घातली आणि ती नेमबाज, क्रिकेटपटू, बिलियर्ड्सपटू अशा अनेकांना दिली. अंजली भागवत आणि राहुल द्रविड ही त्यातली दोन नावं. २०१७ मध्ये ते गेले. आज परदेशी नावं ऐकू येतात. २०११च्या विश्वविजेत्या संघासोबतचे पॅडी अप्टन २०२४ मध्ये डी. गुकेशच्या बुद्धिबळातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीआधी त्याच्यासोबत होते. पण या कामाचं महत्त्व आपल्याच भाषेत, आपल्याच गावात बसून एकाने आधी ओळखलं होतं. क्रीडा मानसशास्त्राची वाट धरणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने त्यांची पुस्तकं आधी वाचावीत.

शरीराची जबाबदारी सांभाळणाऱ्यांचं ओझं किती असतं, ते ७ ऑगस्ट २०२४च्या सकाळी देशाला कळलं. कुस्तीगीर विनेश फोगाट पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली होती. आदल्या दिवशी वजन बसलं होतं. लढतींच्या मधे पाणी आणि खाणं द्यावंच लागतं, त्याने वजन चढतं. मग रात्रभर ते उतरवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा १०० ग्रॅम जास्त दाखवून थांबला आणि ती अपात्र ठरली. पुढे प्रकरण क्रीडा लवादापुढे गेलं, तिथे वकील उभे राहिले, दावा फेटाळला गेला. एका कुस्तीच्या निमित्ताने डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ, प्रशिक्षक, वकील असे पाच व्यवसाय एकदम उजेडात आले. फिजिओथेरपीची पदवी घेऊन पुढे क्रीडा शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं-मुली आता महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांना कबड्डी, फुटबॉल, क्रिकेट, बॅडमिंटन या सगळ्यांत काम आहे, आणि खेळाडूंपेक्षा जास्त मॅरेथॉन धावणाऱ्या हौशी मंडळींच्या गुडघ्यांत आहे.

उत्तेजक-चाचणी अधिकाऱ्याचं काम मात्र कुणाच्या नजरेत येत नाही. स्पर्धा संपते, विजेता हार घालून हसत असतो आणि एक व्यक्ती येऊन त्याला कळवते की तुमची चाचणी आहे. त्या क्षणापासून खेळाडूला नजरेआड होऊ द्यायचं नाही. सीलबंद संचांतून एक संच खेळाडूने स्वतः निवडायचा. लघवीचा नमुना देताना त्याच लिंगाच्या अधिकाऱ्याने समोर उभं राहायचं. किमान ९० मिलिलिटर. मग ए आणि बी अशा दोन बाटल्यांत विभागून खेळाडूच्याच हाताने सील. प्रयोगशाळेत नाव जात नाही, फक्त क्रमांक जातो. कागदावरची एक चूक पूर्ण प्रकरण उलटवू शकते. २०२२ मध्ये भारतात उत्तेजकविरोधी कायदाच झाला आहे. औषधनिर्माण, रसायनशास्त्र किंवा वैद्यक शिकलेल्या माणसाला खेळ स्वच्छ ठेवण्याचं हे काम अभिमानाने करता येतं.

आणि एक काम असं, की ते अस्तित्वात आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते हे सगळे जाणतात. ती तेवढीच आहे हे मोजतं कोण? प्रमाणित मोजणीकार. आणि तो मोजतो सायकलवरून. पुढच्या चाकाला 'जोन्स काउंटर' नावाचं छोटं यंत्र बसवलेलं असतं, १९७१ मध्ये अमेरिकेत बनलेलं. आधी पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचा हिशेब पक्का करायचा, कारण टायरमधली हवा तापमानाने बदलते. मग मार्गावर निघायचं. वळणावर धावपटू आतल्या बाजूने कापणार, म्हणून मोजणीकारानेही पदपथाच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, सर्वांत जवळच्या वाटेने जायचं. शेवटी हजारात एक एवढं अंतर मुद्दाम वाढवायचं, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनमध्ये सुमारे ४२ मीटर, जेणेकरून मार्ग कमी भरला असं कधी होऊ नये. प्रमाणपत्र पाच वर्षांचं. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि तिच्या मागोमाग राज्यात गावोगावी शर्यती निघाल्या. त्यांना मोजणीकार, पाणी-केंद्रांचे व्यवस्थापक, वेळनोंदणीचे तंत्रज्ञ, रुग्णवाहिकांचं नियोजन करणारे असे सगळे लागतात. किती शर्यती खरोखर मोजून घेतल्या जातात, हा प्रश्न आयोजकांना विचारण्याची सवय धावपटूंनी लावून घ्यायला हवी.

लेखणी आणि आवाज यांची परंपरा मराठीत समृद्ध आहे. वि. वि. करमरकर यांनी महाराष्ट्र टाइम्समधून मराठी वृत्तपत्रात खेळाला मानाचं पान मिळवून दिलं. रणजी खेळलेल्या बाळ पंडितांनी क्रिकेटचं समालोचन मराठीत रुजवलं. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत अभियंता होते. हर्षा भोगले रासायनिक अभियांत्रिकी आणि मग अहमदाबादचं व्यवस्थापन शिक्षण घेऊन माइकसमोर आले. हे रस्ते आज वेगळ्या रीतीने खुले आहेत. २०२३ची आयपीएल मोबाइलवर बारा भाषांत दाखवली गेली, त्यात मराठी होती. त्या मराठी समालोचनाच्या खोलीतून केदार जाधव हंगामाच्या मध्यावर उठून बंगळुरू संघात खेळायला गेला.

या सगळ्यामागे पैसा आहे, आणि पैसा हाताळायला शिकलेली माणसं लागतात. आयपीएलचे २०२३ ते २०२७चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. हा आकडा वाचून डोळे दिपतात, पण डोंबिवलीकर नीलेश कुलकर्णी यांनी त्याच्या बऱ्याच आधी यात शिकवण्यासारखं काही आहे हे ओळखलं. १९९७ मध्ये कोलंबोला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्यांनी बळी घेतला. असं करणारे ते पहिले भारतीय. पण श्रीलंकेने ९५२ धावा केल्या आणि त्या डावात कुलकर्णींना दुसरा बळी मिळाला नाही. तीन कसोटींनंतर ती कारकीर्द थांबली. २०१० मध्ये त्यांनी मुंबईत क्रीडा व्यवस्थापनाची संस्था काढली आणि दहा वर्षांनी तिला राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार मिळाला.

आता दुसरी बाजू. यातली बरीच कामं हंगामी आहेत. लीगचे दोन महिने संपले की करार संपतो. फिजिओ वर्षातले दोनशे दिवस घराबाहेर असतो. काही कामं तर नाहीशी होत आहेत: २०२५ पासून विम्बल्डनमध्ये रेषापंच उरले नाहीत, जवळपास दीड शतकाची प्रथा संपली, चेंडू आत की बाहेर हे कॅमेरे सांगतात. जुन्या रेषापंचांपैकी सुमारे ८० जणांना सहायक म्हणून ठेवलं गेलं. त्याच वेळी कॅमेऱ्यांची यंत्रणा चालवणाऱ्यांची नवी मागणी तयार झाली. पालकांना दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. आणि महागड्या डिप्लोमाची जाहिरात पाहून पैसे भरण्यापूर्वी विचारायला हवं की इथे शिकलेले किती जण आज प्रत्यक्ष मैदानावर काम करत आहेत.

सुरुवात मात्र स्वस्तात होते. मुंबई क्रिकेट असोसिएशनसारख्या संघटना पंच आणि गुणलेखकांच्या परीक्षा घेतात. कबड्डीत मॅटवर दोन्ही संघांचे मिळून चौदा खेळाडू असतात आणि सामना चालवायला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असे सहा जण लागतात. गणेशोत्सवापासून होळीपर्यंत राज्यात गावोगावी स्पर्धा होतात, दर स्पर्धेत दिवसाला पंधरा-वीस सामने. आयोजक जाणकार पंचाच्या शोधात असतात, आणि राज्य संघटनेची पंचपरीक्षा अठरा-वीस वर्षांच्या मुला-मुलींनी द्यायला काहीच हरकत नाही. संघातून नाव वगळलं गेलं त्याच आठवड्यात तिचा अर्ज भरता येतो.